सासूच्या छतावरचं घर आणि आमच्या वकीलबाई

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपल्या गावचे नगराध्यक्ष सिल्वेस्त्रे रोसा साहेब. त्यांच्या शेजारी बसलेले फादर आन्सेल्मो. महिला मंडळाच्या रामोनिताबाई, ज्यांनी मला हाताला धरून माइकपर्यंत आणलं आणि इथं आल्यावर हात सोडून दिला. हार्डवेअरच्या दुकानाचे मालक बेनिग्नोशेठ. ज्यांना निरोप द्यायला आपण सगळे जमलोय त्या आमच्या हेनोवेवा वकीलबाई. आणि समोर बसलेले काका, काकू, मावश्या, मागे भिंतीला टेकून उभी असलेली मंडळी, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

माझं नाव लिस्मारी. वरच्या वस्तीत, पाण्याच्या टाकीपाशी जे वळण आहे तिथं राहते. माझ्या आधी साहेब बोलले, फादर बोलले, दोघंही शिकलेले. मी नववीत शाळा सोडली, आणि सोडली ती हीच शाळा. आपण बसलोय ना, हे शाळेचं जेवणघर. शाळा बंद पडली, जेवणघर तेवढं राहिलं. त्या खिडकीपाशी मी ताट घेऊन रांगेत उभी राहायचे. तेव्हा वाढणाऱ्या बाईंची भीती वाटायची. आज तुमची वाटतेय. माझा आवाज कापला तर हसू नका. हसलात तरी चालेल, पण मग टाळ्या पण वाजवा.

रामोनिताबाईंनी मला एक कागद लिहून दिला होता. म्हणाल्या, "एवढं वाच आणि खाली ये, तीन मिनिटं." त्यात लिहिलंय, वकीलबाईंनी मला न्याय मिळवून दिला, मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन. अक्षर फार सुंदर आहे. पण बाई, न्याय अजून कुठं मिळालाय? माझी तारीख मंगळवारी आहे. वकीलबाईंचं विमान त्याआधी, शनिवारी. मग मी हे कसं वाचू? म्हणून कागद घडी करून ब्लाउजात ठेवलाय, आणि जसं झालं तसं सांगते. लांबलं तर कोणीतरी खोका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, म्हणजे फादर तुमच्यासाठी, कारण तुम्ही नवीन आहात, बाकी सगळ्यांना माहीत आहे. मला घरातून काढायची केस चालू आहे. मला आणि माझ्या तीन वर्षांच्या नाहियाराला. ती बघा, बेनिग्नोशेठच्या बायकोच्या मांडीवर बसून त्यांची माळ ओढतेय. केस घातली माझ्या सासूबाईंनी, मिग्दालियाबाईंनी. त्या पण इथंच आहेत, तिसऱ्या रांगेत. आज जेवणात जे पास्तेलेस आहेत, केळीच्या पानात बांधलेले, ते त्यांनीच केलेत. वाजवा टाळ्या, वाजवा. तसे पास्तेलेस या डोंगरात कोणाला जमत नाहीत. मी दोन खाल्ले. खाणार नव्हते. पण खाल्ले.

आता घराचं. आपल्याकडे मुलाचं लग्न झालं की तो जमीन शोधायला जात नाही, आईच्या छतावर चढतो. माझ्या सासऱ्यांनी खालचं घर बांधलं तेव्हा एद्गार्दो, म्हणजे माझा नवरा, पाच वर्षांचा होता. तेव्हाच त्यांनी चारी खांबांच्या सळया वर काढून ठेवल्या होत्या. पोरगा पाच वर्षांचा, अजून दात पडायचेत, आणि त्याच्या बायकोच्या घराच्या सळया वर तयार! मी सून म्हणून आले तेव्हा त्या गंजल्या होत्या. सासूबाई मला वर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "ह्या तुझ्या. कधीपासून वाट बघतायत."

असं म्हणाल्यावर कोणी कागद मागतं का? तुमच्यापैकी किती जण आईच्या छतावर राहता? हात वर नका करू, मला माहीत आहे. कोणी आईकडून लिहून घेतलंय? घेऊन तर बघा, ती तुम्हाला लाटण्यानं मारेल.

मग स्लॅबचा दिवस. रविवार होता. वरच्या वस्तीतली सगळी आली होती. चेलोकाका मिक्सरवर, तोंडात विझलेला सिगार, "पाणी कमी, पाणी कमी" असं ओरडत. बादल्यांची रांग जिन्यावरून थेट वर. मला सातवा महिना होता, मला बादली उचलू देईनात. मी म्हणायचे, "द्या ना एक!" तर चेलोकाका म्हणाले, "तू अगोदरच एक उचलून उभी आहेस, पोरी!" सगळे खदाखदा हसले. खाली अंगणात सासूबाईंनी तुरीच्या दाण्यांचा भात टाकला होता, इतका मोठा हंडा की ढवळायला फावडं घेतलं होतं. धुतलेलं फावडं, घाबरू नका. आणि बाराच्या सुमाराला स्लॅब भरून झाला तेव्हा त्यांनी खालून हाक मारली, "झालं का रे माझ्या सुनेचं घर? या जेवायला!"

ही हाक ऐकलेले लोक आज या हॉलमध्ये आहेत. मी नावं घेणार नाही. वकीलबाई माझ्याकडे बघतायत.

तर मग वर्षभर चांगलं गेलं. एद्गार्दोनं हायवेला गाड्या धुवायचं काढलं होतं, ते वादळात गेलं. पाण्याची टाकी गेली, मशीन गेलं, शेड तर पलीकडच्या डोंगरावर सापडलं. मग दिवाळखोरीत जायचं ठरलं. खाली पोन्से शहरात, मॉलमध्ये एक माणूस टेबल टाकून फॉर्म भरून देत होता. वकील होता की नव्हता, आज मला शंका आहे. तो प्रश्न विचारायचा, आम्ही उत्तर द्यायचो. गाडी आहे? होती. बँकेत काही? नाही. घर आहे? एद्गार्दो म्हणाला, "नाही, आम्ही आईच्या वर राहतो." तो माणूस म्हणाला, "मग ‘नाही’ असं लिहितो." आणि लिहिलं. खाली दोघांची सही. मी पण केली. वाचलं नाही. नाहियारा कडेवर रडत होती, आणि खरं सांगायचं तर वाचलं असतं तरी मला त्यात काही खोटं दिसलं नसतं. आपण सगळे असंच म्हणतो ना? बँकेत, दवाखान्यात, शाळेत? "स्वतःचं घर?" "नाही हो, आईच्या वर." ते घर असतं हे आपल्या डोक्यातच येत नाही.

त्यानंतर एद्गार्दो अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियाला गेला, गोदामात कामाला. सहा महिन्यांत पाठवतो म्हणाला, तिकिटं. आधी रोज फोन यायचा, मग रविवारी, मग आईच्या फोनवर. मग तिथं एक बाई आहे असं कळलं. कोणी सांगितलं नाही. आमच्या वरच्या मजल्याची फरशी पातळ आहे आणि सासूबाई फोनवर मोठ्यानं बोलतात.

मग एक दिवस कोर्टाचा माणूस जिना चढून आला. तेवीस पायऱ्या चढून घामाघूम झालेला. मी त्याला पाणी दिलं, त्यानं मला कागद दिला. पाणी पिऊन "थँक्यू" म्हणाला बिचारा. कागदात लिहिलं होतं, मी परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जागेत राहतेय. खाली सासूबाईंच्या घरात टीव्ही चालू होता. मी जिन्यावर बसून राहिले. त्या बाहेर आल्या, झाडांना पाणी घातलं, वर बघितलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी मला कॉफीला हाक मारली नाही. अकरा महिने झाले. रोज तीन वाजता कॉफीचा वास वर येतो, हाक येत नाही. तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. मला आई नाही हो. ती हाक होती.

आता वकील शोधायची गोष्ट, कारण कार्यक्रम वकीलबाईंचा आहे आणि मी स्वतःचंच रडगाणं लावलंय.

पोन्सेला गेले. पहिल्या ऑफिसात एसी, गालिचा, आणि एक मुलगी. मी सांगायला लागले. ती म्हणाली, "थांबा ताई, यात तुमचा घटस्फोट कुठला आणि घर कुठलं?" मी म्हटलं, "नवरा गेला म्हणून घर जातंय." ती म्हणाली, "आम्ही फक्त घटस्फोट बघतो. घराचं दुसऱ्या मजल्यावर विचारा." दुसऱ्या मजल्यावर गेले, तर तिथं म्हणाले, "दिवाळखोरी चालू असेल तर आम्ही हात लावत नाही, आधी ते मिटवा." दिवाळखोरीच्या वकिलाकडे गेले. हायवेला ज्याचा मोठा फोटो लावलाय, दात दाखवत, तोच. तो म्हणाला, "सासूशी भांडण आहे? ते आम्ही नाही बघत." तीन ऑफिसं फिरले. घर एक, नवरा एक, मी एक, आणि प्रत्येकाला माझा एकच तुकडा हवा होता. संध्याकाळच्या गाडीनं परत आले तेव्हा पोरगी माझ्या खांद्यावर झोपलेली, आणि मला वाटलं, आता कोणाला सांगायचंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी बेनिग्नोशेठच्या दुकानात नळाचा वॉशर घ्यायला गेले. खोटं नाही, वॉशर घ्यायला. शेठ, तुम्ही विचारलंत, "काय गं, तोंड का असं?" आणि मला रडू फुटलं, वॉशर हातात घेऊन. तुम्ही काउंटरवरून बोट वर केलंत आणि म्हणालात, "वर जा." मला वाटलं देवाबद्दल बोलताय. तुम्ही म्हणालात, "अगं, माझ्या वर! पहिल्या मजल्यावर! वकीलबाई!" मी आठवड्यातून दोनदा त्यांच्या खालून जायचे. पाटी होती, पण पाटीवर बोगनवेल चढली होती.

वर गेले. तीन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पंखा, तो पण एका बाजूलाच फिरणारा. मी बोलायला तोंड उघडलं तर ह्या म्हणाल्या, "गप्प. आधी घर काढ." आणि समोर कोरा कागद आणि पेन्सिल. मी म्हटलं, "मला चित्र येत नाही." "शाळेची परीक्षा नाही ही. काढ." मी खालचं घर काढलं, वर माझं. जिना काढला. त्या म्हणाल्या, "जिना बाहेरून की आतून?" बाहेरून. "कोणी बांधला?" आम्ही. "खिडक्या किती?" सात. "कोणी घेतल्या?" मी घेतल्या. मी कामाला होते ती हातमोज्यांची फॅक्टरी बंद झाली तेव्हा मिळालेल्या पैशातून. "पावती?" पावती होती. माझ्या नावाची. अख्ख्या घरात माझ्या नावाचा तो एकच कागद. तो बघून वकीलबाईंनी टाळी वाजवली. "सात खिडक्या! म्हणजे निदान हवा तरी तुझीच आहे!"

मी किती दिवसांनी हसले होते ते मला आठवत नाही. हसता हसता रडायला लागले, तर म्हणाल्या, "रड, पण कागद बाजूला घेऊन. ओला करू नकोस."

आणि मग त्यांनी विचारलं, "आणखी कुठं सही केलीस?" मी मॉलमधलं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. त्या चष्मा काढतात तेव्हा मला अजून धडकी भरते.

त्या म्हणाल्या, "पोरी, तू शपथेवर लिहून दिलंयस की तुला घर नाही. उद्या सासूचा वकील तोच कागद कोर्टात धरेल आणि म्हणेल, बघा, हीच म्हणते घर नाही." मी म्हटलं, "मग मला जेलमध्ये टाकतील? नाहियाराला घेऊन जातील?" तेव्हापासून ही एकच भीती आहे माझ्या पोटात, घर गेलं तर पोरगी कुठं निजेल, आणि पोरगी कुठं निजते हे विचारायला सरकारी बाई आली तर मी काय सांगू. वकीलबाई म्हणाल्या, "आपण आधी जायचं. कोणी विचारायच्या आधी आपणच जाऊन सांगायचं, चुकलं म्हणून." मी विचारलं, घर आहे म्हणून सांगितलं तर ज्यांचं आम्ही देणं लागतो ते लोक ते घेणार नाहीत का? तर म्हणाल्या, "राहतं घर कायदा सोडतो. त्यासाठी अर्ज करावा लागतो. पण न सांगितलेल्या घराला कोणी वाचवू शकत नाही."

गेलो आम्ही पोन्सेला. मी रात्रीच कपडे इस्त्री करून ठेवले होते. दिवाळखोरीच्या कोर्टातल्या साहेबांच्या समोर उभी राहिले आणि पाठ केलेलं सगळं विसरले. नुसतं म्हटलं, "साहेब, मला घर आहे. सासूच्या वर." त्या साहेबांनी मान पण वर केली नाही. म्हणाले, "या महिन्यातला हा चौथा वरचा मजला." आणि फॉर्म पुढं सरकवला. दुरुस्तीचा. त्यावर मी सही केली, आणि यावेळी वाचून केली. वकीलबाईंनी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचून घेतली माझ्याकडून, मागे अख्खी रांग खोळंबली होती. एक माणूस म्हणाला, "अहो बाई, शाळा घेताय का?" ह्या म्हणाल्या, "हो. तुम्ही पण या, जागा आहे."

त्याच संध्याकाळी एद्गार्दोचा फोन. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा. "मला खोटं पाडलंस तू." मी म्हटलं, "मी मला खरं पाडलं." त्याला कळलं नाही. मला पण नीट कळलं नव्हतं, पण फोन मीच ठेवला.

आता एक कॉफीची गोष्ट, आणि मग संपवते. कोणी खोकलं का? नाही? बरं.

वकीलबाई घर बघायला आल्या. एकाहत्तर वर्षांच्या, हातात काठी, तेवीस पायऱ्या. प्रत्येक पायरी मोजत होत्या, मोठ्यानं. उतरताना सासूबाई खाली दारात उभ्या. म्हणाल्या, "बाई, कॉफी घेणार?" वकीलबाई म्हणाल्या, "मिग्दालियाबाई, मी तुमच्या विरुद्ध बाजूची आहे." सासूबाई म्हणाल्या, "मग काय, विरुद्ध बाजूचे लोक कॉफी पीत नाहीत?" आणि बसवलं. मी बाहेर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. माझ्यासाठी कप नव्हता. पण दार उघडं होतं.

वकीलबाई नुसतं म्हणाल्या, "चांगला आहे स्लॅब. कुठं तडा नाही." आणि सासूबाईंना राहवलं नाही. "नाही जाणार तडा! त्या दिवशी मी चाळीस माणसांना जेवू घातलं..." आणि तोंडावर हात ठेवला.

वकीलबाई लगेच उठल्या. कॉफी अर्धी होती. म्हणाल्या, "तुमचा वकील इथं नाही. मी हे ऐकलेलं नाही, आणि कोर्टात मी ते वापरणार नाही."

गाडीत मी भांडले त्यांच्याशी. खरंच भांडले. म्हटलं, "त्या स्वतःच्या तोंडानं बोलल्या! माझं घर आहे ते! का नाही वापरणार?" त्या म्हणाल्या, "मला तुला जिंकून द्यायचंय, चोरून नाही द्यायचं." मला राग आला होता. अजूनही थोडा आहे, वकीलबाई, खोटं कशाला बोलू. पण एक सांगते. माझ्यासाठी भांडणारं माणूस इतकं सरळ असू शकतं, हे मला त्याआधी माहीत नव्हतं. आणि आत्ता तुम्ही मान हलवताय, मला कळलं, मी पण ते तिथं सांगणार नाही. इथं तर फक्त कॉफी किती कडक होती ते सांगितलं.

पहिली तारीख झाली. कोर्टात दोन बाजूंना बाकं असतात, चर्चसारखी. सासूबाईंच्या बाजूला नणंदा, त्यांचे नवरे, चुलत सासरे, सगळं बाक भरलेलं, मागचं पण. माझ्या बाजूला मी. आणि वकीलबाईंची पर्स. न्यायाधीशबाईंनी विचारलं, घर बांधायला मालकिणीची परवानगी होती हे कोणी पाहिलंय का? असेल तर हिला असं काढता येणार नाही, घराची भरपाई दिल्याशिवाय नाही. आम्ही दोघांना बोलावलं होतं. एक आलेच नाहीत. चेलोकाका आले. त्यांना विचारलं, स्लॅबच्या दिवशी तुम्ही होता का? म्हणाले, "होतो." मालकीणबाई काय म्हणाल्या? तर खाली बघून म्हणाले, "आठवत नाही."

चेलोकाका, मान वर करा. मी रागावले नाही. परत येताना मी फार बोलले तुम्हाला, मनातल्या मनात, पण वकीलबाई म्हणाल्या, "लिस्मारी, त्याला रोज तिच्या दारावरून जायचंय. तिच्या झाडाची संत्री तो नेतो. तिचा पंप तो दुरुस्त करतो. तुझ्या बाजूनं बोलून तो घरी कुठल्या रस्त्यानं जाईल?" ते मला पटलं. मी पण त्याच रस्त्यानं जाते ना.

तेव्हापासून मी एक बघितलंय. लोक माझ्याशी बोलतात, पण गाडी चालू ठेवून. "कशी आहेस गं?" आणि गाडी पुढं. कोणी वाईट वागलं नाही माझ्याशी. कोणी थांबलं नाही एवढंच. एक वकीलबाईंचं ऑफिस होतं जिथं कोणी घड्याळ बघत नव्हतं. मी काम नसताना पण जायचे. त्या बिस्किटांचा डबा पुढं करायच्या आणि नाहियारा त्यांचे शिक्के कोऱ्या कागदांवर मारत बसायची. त्या म्हणायच्या, "मार, मार, माझ्या वारसाला सराव होऊ दे."

आता त्यांच्या डोळ्यांचं झालं. वाचता येत नाही. गेल्या महिन्यात मी त्यांना कागद वाचून दाखवत होते, मी, नववीत शाळा सोडलेली, आणि त्या ऐकत होत्या. मुलगी फ्लोरिडाला आहे, तिकडं ऑपरेशन, तिकडंच राहणार. बरोबर आहे. माणसानं लेकीपाशी असावं. मला तर वाटतं, त्यांनी याच्या आधी जायला हवं होतं. दोनदा ऑपरेशनची तारीख पुढं ढकलली ती माझ्यासाठी, आणि तिसऱ्यांदा ढकलायला नको म्हणून कोर्टाची तारीख अलीकडे मागितली, तर न्यायाधीशबाई नाही म्हणाल्या. माझी फाइल पोन्सेच्या एका वकिलाला दिलीय. चांगले आहेत म्हणतात. मी त्यांचं तोंड पाहिलेलं नाही. फोनवर म्हणाले, "तुम्ही लाल ब्लाउज घाला म्हणजे मी ओळखेन."

सासूबाई, आता तुम्हाला दोन शब्द. तुमच्याविरुद्ध बोलायला मी उभी नाही. मला माहीत आहे, एद्गार्दो म्हणालाय, वरचं रिकामं करून दे, मग येतो. मागच्या ख्रिसमसला पण येतो म्हणाला होता. तुम्ही त्याची खोली रंगवलीत, मला वर रंगाचा वास आला. खाली तुम्ही एकट्या जेवता आणि वर मी एकटी जेवते, आणि मधे चार इंचांचा स्लॅब. मी गेले तर तो येईल की नाही, ते मला सांगता येत नाही. पण मंगळवारी तुम्हालाही शपथ देतील. तेव्हा विचारतील, तुम्ही या मुलीला घर बांधू दिलंत का? काय सांगायचं ते तुमच्या मनावर. मी तुमच्याकडे बघणार नाही, म्हणजे तुम्हाला अवघड जाणार नाही.

आणि बाकीच्यांना. मी साक्ष मागत नाही. वकीलबाईंनी बजावलंय, कोणाला काय बोलायचं ते सांगायचं नाही. मी फक्त एवढंच म्हणते, या. माझ्या बाजूच्या बाकावर बसा. बोलायचं की नाही ते तिथं बसून ठरवा, नाहीतर नुसतं बसा आणि परत या. मागच्या वेळी तिथं निदान एक पर्स होती.

वकीलबाई, तुम्हाला मी काय देणार. शाल दिली, फुलं दिली मंडळानं. मी तुम्हाला एवढंच सांगते की मंगळवारी मी सही करायची वेळ आली तर वाचूनच करीन, ओळीवर बोट ठेवून, रांग खोळंबली तरी. ऑपरेशन नीट होऊ दे. डोळे बरे झाले की नाहियाराचा फोटो पाठवीन, आधी नाही, म्हणजे नीट दिसेल.

अध्यक्ष साहेब, फादर, रामोनिताबाई, तुम्ही मला बोलू दिलंत, तुमचे उपकार. तीन मिनिटांचं तीस झालं, दिलेला कागद वाचला नाही, लोकांची नावं घेतली, ज्यांची घ्यायला नको होती त्यांची पण. लहान आहे, शिकलेली नाही, आणि घाबरलेली आहे. तेवढं पोटात घाला.

कोर्ट नऊला उघडतं. वडापची गाडी चौकातून साडेसहाला सुटते, चर्चच्या बाजूनं. तिच्यात चौदा जागा असतात. मला एक लागते, नाहियारा मांडीवर बसते.